मुरगावची ती रात्र आणि ‘द सी वुल्व्हज’

९ मार्च १९४३. गोमंतकात इंत्रूजची अखेरची रात्र होती. खलाशांपैकी कित्येक उत्सवासाठी किनाऱ्यावर गेले असता मुरगाव बंदरात ‘एरनफेल्स’ या जर्मन मालवाहू जहाजावर छापा पडला. छापा घालणारे कसलेले नौसैनिक नव्हते. कलकत्ता लाइट हॉर्स व कलकत्ता स्कॉटिश या हौशी पथकांतील, बव्हंशी तारुण्य ओसरलेले असे सुमारे १८ ब्रिटिश गृहस्थ ‘फीबी’ नामक गाळवाहू बार्जमधून आले होते. जेम्स लीझर यांनी ‘बोर्डिंग पार्टी’ (१९७८) या पुस्तकात हा प्रसंग सांगितला, आणि त्यावरून अँड्र्यू मॅक्लॅग्लन यांनी ‘द सी वुल्व्हज’ (१९८०) हा इंग्रजी चित्रपट दिग्दर्शित केला.

चित्रपटाचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. पोट सुटलेल्या, धाप लागणाऱ्या माणसांचे साहस ग्रेगरी पेक व डेव्हिड निव्हन यांनी विनोदाची मर्यादा राखून रंगविले आहे. रॉजर मूर यांच्या वाट्याला आलेले हेरगिरीचे प्रणयप्रकरण मात्र निव्वळ ठिगळ वाटते.

तथापि आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. पोर्तुगाल तटस्थ होता. तटस्थ बंदरात बिनतारी संदेशयंत्र चालविणे आणि तेथे शत्रूवर हल्ला करणे, ही दोन्ही कृत्ये १९०७ च्या हेग कराराने निषिद्ध ठरविली आहेत. जर्मनांवर पहिल्याचा आरोप होता. दुसरे इंग्रजांनी केले. या नैतिक पेचाला चित्रपट ओझरता स्पर्श करतो आणि पुढे सरकतो. अखेरीस नौकाहानीचे आकडे देऊन तो छाप्याचे फळ सिद्ध करू पाहतो; परंतु एकामागून दुसरे घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही. आपल्याकडे यालाच काकतालीय न्याय म्हणतात.

रात्रीचा छापा महाभारतालाही ठाऊक आहे. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा निद्रिस्त शिबिरावर तुटून पडतो. पण व्यास तेथे थांबत नाहीत. पाठोपाठ स्त्रीपर्व येते, आणि रणभूमीवरील शोक वाचकाला ऐकावाच लागतो. मुरगावला ‘एरनफेल्स’चा कप्तान व काही खलाशी प्राणास मुकले. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून खलाशांनीच ते जहाज बुडविले. ‘ब्राउनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ व इटालियन ‘आन्फोरा’ यांचीही तीच गत झाली. दीर्घकाळ ज्या बंदराने या नौकांना आसरा दिला, त्याच्या पाण्यात त्या जळताना किनाऱ्यावरच्या माणसाला काय वाटले असेल? चित्रपट हा प्रश्न विचारीत नाही. त्यात गोमंतकीय माणूस दिसतो तो गर्दीचा भाग म्हणून.

चित्रीकरण गोव्यातच झाले, म्हणून ही उणीव अधिक बोचते. मुरगाव पडद्यावर आले आहे, त्याचे स्त्रीपर्व अद्याप लिहावयाचे आहे. ते काम परक्यांवर न सोपविता आमच्या मराठी-कोंकणी लेखकांनीच हाती घ्यावे.