ग्रामसभेचे इतिवृत्त : ‘सर्वानुमते’ या शब्दाची चिकित्सा

प्रस्तावना :

73 व्या घटनादुरुस्तीची अंमलबजावणी 24 एप्रिल 1993 पासून सुरू झाली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान प्राप्त झाले. गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. प्रतिनिधी निवडून देण्यापुरता नागरिकांचा सहभाग मर्यादित न राहता त्यांनी स्वतः सभेत बसून प्रश्न विचारावेत, हिशेब मागावा आणि निर्णयात भाग घ्यावा, ही त्यामागील भूमिका होय. या सहभागाची चर्चा होते तेव्हा सभेला किती लोक आले, महिला किती होत्या, गणपूर्ती झाली की नाही, याच गोष्टींना महत्त्व दिले जाते. सभेत बोलले गेलेले कागदावर कोणत्या रूपात उतरते, हा प्रश्न मागे राहतो. वास्तविक सभा दोन-तीन तासांत संपते, कागद मात्र राहतो. पुढे तक्रार, चौकशी किंवा न्यायालयीन वाद उद्‌भवल्यास गावाचे म्हणणे म्हणून तोच कागद समोर येतो. म्हणूनच प्रस्तुत लेखात ग्रामसभेच्या इतिवृत्ताचा एक लेखनप्रकार म्हणून विचार केला आहे.

कायद्याची अपेक्षा :

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. वार्षिक लेखाविवरण, प्रशासन अहवाल, विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाची टिप्पणी ग्रामसभेपुढे ठेवणे हे पंचायतीचे कर्तव्य आहे. विकास योजनांना मान्यता देणे आणि लाभार्थींची निवड करणे हे अधिकारही ग्रामसभेकडे आहेत.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरेशी मानली जाते. म्हणजे 3,000 मतदारांच्या गावात 100 माणसे, सुमारे सव्वातीन टक्के मतदार, जमली तरी सभा वैध ठरते. तेवढीही न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. या तरतुदीमागे कामकाज अडून राहू नये हा हेतू आहे. मात्र तिचा परिणाम असा की, दहा-वीस माणसांनी मान्य केलेला ठरावही संपूर्ण गावाचा ठराव म्हणून नोंदवला जाऊ शकतो. अशा वेळी सभेचे खरे स्वरूप सांगण्याची जबाबदारी इतिवृत्तावर येते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाच्या मंडळांच्या व समित्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत काय आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना उपलब्ध आहेत काय, हे स्वतःहून प्रसिद्ध करण्यास सांगितले आहे. इतिवृत्त हे पारदर्शकतेचे साधन आहे, हे त्यातून स्पष्ट होते. परंतु कागद मिळाला म्हणजे माहिती मिळाली असे होत नाही. कागदात काय लिहिले आहे हा प्रश्न उरतोच.

इतिवृत्ताची भाषा :

ग्रामसभेच्या इतिवृत्ताचा साचा सर्वपरिचित आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, आलेल्या परिपत्रकांचे वाचन करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे, असा विषयांचा क्रम असतो. प्रत्येक विषयाखाली ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठराव मंजूर करण्यात आला’ अशा प्रकारचे वाक्य आणि त्यानंतर सूचक व अनुमोदक यांची नावे येतात. शेवटी आभार मानून सभा संपते.

या वाक्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘करण्यात आला’ या प्रयोगात कर्ता लुप्त होतो. मंजुरी कोणी दिली, हे वाक्य सांगत नाही. ‘सविस्तर चर्चा’ या शब्दांनी चर्चा झाल्याचा निर्वाळा मिळतो, परंतु त्या चर्चेतील एकही मुद्दा वाचकाच्या हाती लागत नाही. ‘सर्वानुमते’ या शब्दातील ‘सर्व’ म्हणजे गावातील सर्व मतदार, उपस्थित असलेले सर्व, की शेवटपर्यंत थांबलेले सर्व, याचाही उलगडा होत नाही. एखाद्या महिलेने पाणीपुरवठ्याच्या खर्चाविषयी प्रश्न विचारला आणि तिला उत्तर मिळाले नाही, तरी नोंद ‘सर्वानुमते’ अशीच होऊ शकते. कोणी काहीच विचारले नाही तरीही नोंद तीच. गजबजलेली सभा आणि ओस पडलेली सभा यांचे इतिवृत्त जर एकसारखेच वाचले जात असेल, तर त्या लेखनप्रकाराने आपले मुख्य कार्य सोडले आहे, असे म्हणावे लागते.

सभेनंतर नोंदवही घरोघरी फिरवून सह्या व अंगठे घेतले जातात, ही तक्रार ग्रामीण भागात नवी नाही. परंतु खोटी सही निदान चौकशीत उघडकीस येऊ शकते. प्रश्नाची नोंदच झालेली नसेल तर तो विचारला गेला होता हे पुढे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. हा दोष अधिक सूक्ष्म आणि म्हणून अधिक गंभीर आहे.

महजराची परंपरा :

गावाच्या निर्णयाचा लेख ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. मराठा काळात वतनाच्या किंवा सीमेच्या वादात गोतसभा वा मजलिस बसत असे आणि निर्णयाचा महजर तयार होत असे. वि. का. राजवाडे यांनी संपादित केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून तत्कालीन कागदपत्रे अभ्यासकांना उपलब्ध झाली आहेत. महजरात हजर असलेल्यांची नावे येतात. अग्रवादी आणि पश्चिमवादी या दोन्ही पक्षांच्या तकरीरा, पुरावा आणि त्यानंतर निवाडा असा क्रम आढळतो. लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी करी, तर बलुतेदार आपापल्या हत्याराची.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती जातिबद्ध आणि वतनाधारित होती. तिच्यात समान नागरिकत्वाची कल्पना नव्हती आणि स्त्रियांना तेथे क्वचितच स्थान होते. मात्र लेखनप्रकार म्हणून महजराचा एक विशेष मान्य करावा लागतो. हरलेल्या पक्षाचे म्हणणे त्यात शिल्लक राहते. आजच्या इतिवृत्तात सभासदत्वाची समता आहे, पण अमान्य झालेल्या मताला जागा नाही.

लेखणी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) या ग्रंथात तीव्रतेने मांडला. अक्षरशून्य शेतकरी आणि दप्तर लिहिणारा नोकरवर्ग यांच्यातील विषमता हा त्यातील विवेचनाचा एक प्रमुख धागा आहे. आज साक्षरता वाढली, कुलकर्णी वतन संपले आणि दप्तर ग्रामसेवकाकडे आले. 2024 मध्ये त्या पदाचे नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे झाले. तथापि सभेत बोलणारे अनेक आणि लिहिणारा एक, ही स्थिती कायम आहे.

सर्वसहमतीचा दुसरा अर्थ :

‘सर्वानुमते’ हा शब्द नेहमीच पोकळ असतो असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमती हीच निर्णयाची पद्धत म्हणून स्वीकारली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा सर्वज्ञात आहे. तेथे बहुमताने विषय निकाली काढला जात नाही. कोणाचा विरोध असल्यास निर्णय थांबतो, अभ्यासगटात त्या विषयाची माहिती घेतली जाते आणि चर्चा पुन्हा होते. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही हाती आला. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ (2012) हे पुस्तक या प्रवासाविषयीच आहे. येथे सर्वसहमतीला वेळ द्यावा लागला आहे, म्हणून त्या शब्दाला वजन आहे. अर्थात मेंढा हे काही शे लोकवस्तीचे गाव आहे. पाच-सहा हजार वस्तीच्या, गटातटांत विभागलेल्या गावात ही पद्धत जशीच्या तशी लागू होणार नाही. परंतु तेथे विरोधाची नोंद ठेवणे अधिकच आवश्यक ठरते.

नोंदीचे सामर्थ्य किती असू शकते याचे उदाहरण महाराष्ट्राबाहेर, ओडिशात आढळते. नियमगिरी डोंगरातील बॉक्साइट खाणीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी ग्रामसभांचा कौल घेण्याचे आदेश दिले. त्यानंतर निवडलेल्या 12 गावांत जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या निरीक्षकासमोर सभा झाल्या आणि बाराही सभांनी खाणीस नकार दिला. एरवी दुर्लक्षित राहिलेले डोंगरिया कोंध समाजाचे म्हणणे अधिकृत नोंदीत आल्यामुळे शासनाला त्याची दखल घ्यावी लागली.

आक्षेप आणि मर्यादा :

विरोधाची नोंद करावी या मागणीवर दोन आक्षेप संभवतात. एका कर्मचाऱ्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावे असतात, त्यामुळे सविस्तर लेखन शक्य नाही, हा पहिला आक्षेप होय. त्यात तथ्य आहे. मात्र शब्दशः वृत्तांत कोणी मागत नाही. विचारलेला प्रश्न, दिलेले उत्तर, नोंदवलेला विरोध आणि निर्णयाचे कारण एवढ्या चार ओळी प्रत्येक विषयाखाली पुरेशा आहेत.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. लहान गावात विरोध करणाऱ्याचे नाव कागदावर आले तर त्याला त्रास होऊ शकतो. शेतमजूर, दलित कुटुंबे आणि एकट्या स्त्रिया यांच्यासाठी ही भीती काल्पनिक नाही. दारूबंदीसाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदान गुप्त पद्धतीने होते, त्यामागे हेच व्यावहारिक शहाणपण आहे. म्हणून नावाऐवजी मुद्दा नोंदवणे हा मार्ग योग्य ठरतो. पारदर्शकता कारभाराची हवी, दुर्बल माणसाची नव्हे. तसेच महिला सभेने केलेल्या शिफारशींचे ग्रामसभेत काय झाले, याची नोंद अनिवार्य असावी. अन्यथा ती सभा औपचारिकता ठरते.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ‘सभासार’ हे साधन सुरू केले. सभेच्या ध्वनिचित्रमुद्रणावरून त्याद्वारे इतिवृत्त तयार होते. लेखणी एका हातातून सुटण्याच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु सारांश करताना काय वगळले गेले, हा प्रश्न यंत्रालाही विचारावाच लागेल. शिवाय गप्प बसलेल्यांचे म्हणणे कोणतेही यंत्र टिपू शकत नाही.

समारोप :

ग्रामसभेतील सहभाग केवळ उपस्थितीच्या आकड्यांवरून मोजता येत नाही. नागरिकाने विचारलेला प्रश्न कागदावर टिकतो की नाही, हा त्याचा अधिक विश्वसनीय निकष आहे. त्यासाठी नवीन कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. सभा संपण्यापूर्वी इतिवृत्ताचा मसुदा उपस्थितांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा, सुचवलेल्या दुरुस्त्या त्याच वेळी नोंदवाव्यात आणि मगच सह्या घ्याव्यात. पुढील सभेत ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय असतोच. तो घाईने उरकण्याऐवजी खरोखर वाचला गेला, तर आपले म्हणणे नोंदीतून वगळले गेले आहे हे गावाला वेळेवर कळेल. ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार त्या वाचनानंतरच प्राप्त होतो.