एकाच डोंगरातले देव आणि भक्त

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. सगळे एकच असेल, तर भक्ती कोणी कोणाची करायची?

वर्गात आम्ही वर्षानुवर्षे याचे ठरावीक उत्तर देत आलो. शंकराचार्यांच्या अद्वैतात मोक्ष ज्ञानानेच; भक्तीने चित्त शुद्ध होते, म्हणून ती पायरी. मध्वाचार्यांच्या द्वैतात जीव-ईश्वर भेद खरा, मोक्षातही तो पुसला जात नाही. ईश्वराचे माहात्म्य जाणून जडलेला दृढ स्नेह म्हणजे भक्ती, आणि ती शेवटपर्यंत राहते. परीक्षेला हे उत्तर चालते. पण यात ज्ञानेश्वरांना कुठे बसवायचे म्हटले, की आमची गाडी अडायची.

आता बघा, 'अमृतानुभवा'च्या नवव्या प्रकरणात ज्ञानदेव एक दृष्टान्त देतात. देव, देऊळ आणि देवाचा परिवार हे सगळे एकाच डोंगरातून कोरता येते, मग भक्तीचा व्यवहार एकातच का होऊ नये? आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. इथून, उस्मानपुऱ्यातून, वेरूळ तीसएक किलोमीटर. तिथले 16 क्रमांकाचे लेणे, कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी वरून खाली कोरत आणले. बाहेरून दगड आणून रचला नाही. नको तो काढला. गाभाऱ्यातले लिंग आणि समोरचा नंदी, दोघांचा दगड एकच.

पण या दृष्टान्ताची खरी ताकद आमच्या लक्षात उशिरा आली. वेदान्तातला नेहमीचा दृष्टान्त दोरी आणि सापाचा. दोरी कळली की साप जातो. इथे तसे होत नाही. सगळा एकच दगड आहे हे कळले म्हणून नंदी नाहीसा होतो का? नाही ना! तो जागच्या जागीच बसलेला असतो. म्हणजे एकत्व कळल्यावर भेद मोडत नाही, त्याचे परकेपण तेवढे जाते. याच ग्रंथाचे सातवे प्रकरण, सगळ्यात मोठे, अज्ञानाच्या खंडनाचे आहे, ते उगाच नव्हे. अज्ञान असे काही नसेलच, तर देव-भक्त हे नाते अज्ञानाच्या खात्यावर टाकताच येत नाही. 'ज्ञानेश्वरी'च्या अठराव्या अध्यायातही ज्ञानी ज्याला स्वसंवित्ती म्हणतात आणि शैव ज्याला शक्ती म्हणतात, त्यालाच परमभक्ती हे नाव दिले आहे. तेव्हा भक्ती ही पायरी आहे, हे विधान निदान ज्ञानदेवांना लावता येणार नाही. आम्ही ते सरसकट लावत होतो. ती आमची चूक.

तरीही द्वैती माणूस इथे थांबणार नाही, आणि थांबूही नये. तो विचारेल, दगडातला नंदी कधी देवाला हाक मारतो काय? ज्याचे पोर आजारी आहे, ज्याचे शेत करपले आहे, त्याची हाक या दृष्टान्तात कुठे आहे? हा आक्षेप आम्हाला खरा वाटतो. नववे प्रकरण जीवन्मुक्ताचे आहे, आर्ताचे नाही.

आमच्या मते या उणिवेचे उत्तर ग्रंथात शोधू नये, वारकरी परंपरेत शोधावे. औंढ्या नागनाथाची कथा आपल्याला ठाऊक आहे. पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा खेचर नामदेवांना म्हणतात, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेवांना बोध झाला. पण म्हणून त्यांनी कीर्तन बंद केले का? विठ्ठलाशी भांडणे सोडले का? परंपरेला ते नामदेव हवे होते, आणि ज्ञानदेवही हवे होते. दोघांना तिने एका दिंडीत चालवले.

भक्तीला दुसरा लागतो, हे मध्वांचे म्हणणे बरोबर. पण तो दुसरा परका असावाच लागतो, हे सिद्ध होत नाही. आपल्या दुःखात आपण आपल्याच माणसाला हाक मारतो ना? तेवढा विचार घरी जाऊन करा, आणि पुढच्या रविवारी वेरूळला गेलात तर नंदीपाशी जरा थांबा.