मूस आणि साक्ष : मराठी ख्रिस्ती लेखनातील दुःख व ईश्वरनिष्ठा

दुःखातही ईश्वरावरील निष्ठा ढळू न देणे हे ख्रिस्ती अध्यात्मातील एक मध्यवर्ती मूल्य आहे. प्रवचनांत आणि भक्तिपर लेखनात हे मूल्य वारंवार एका रूपकातून प्रकट होते : दुःख ही मूस, भक्त हे रुपे आणि ईश्वर हा रुपे शुद्ध करणारा कारागीर. रूपक इतके परिचित आहे की ते कोणी आणि कोणाविषयी उच्चारावे, हा प्रश्न त्याच्या सवयीतच दडून जातो. मराठी ख्रिस्ती लेखनाचे मूल्यमापन करताना मात्र हाच प्रश्न कळीचा ठरतो.

रूपकाचा वाच्यार्थ आधी पाहावा. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, प्रसिद्ध आहे. तेथे आटणी, टंच, हीण हे शब्द अलंकारिक नसून रोजच्या व्यवहारातले आहेत. चांदी शुद्ध करण्याच्या प्राचीन पद्धतीत तीत शिसे मिसळून ती तापवत. शिसे हीण आपल्याबरोबर घेऊन जाई आणि चांदी मागे राही. म्हणजे विस्तव धातूची परीक्षा पाहतो एवढेच नव्हे, तर तो धातूत मुळात हीण होते असेही गृहीत धरतो. दुःखिताला हे रूपक लावणारा नकळत त्याच्यावर दोषारोप करीत असतो.

बायबलमधील या रूपकाची स्थळे एकसारखी नाहीत, हे येथे लक्षात घ्यायला हवे. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात ईश्वर रुपे शुद्ध करणाऱ्यासारखा बसतो. पण तो ज्यांना गाळतो ते लेवीचे वंशज, म्हणजे याजकवर्ग आहेत. दोनच वचनांनंतर मजूर, विधवा आणि अनाथ यांच्यावर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध तो साक्ष देण्यास उभा राहतो. थोडक्यात, मूस आहे ती धर्मसत्तेसाठी. विधवेसाठी आहे तो न्याय. मुशीत कारागिराचा चेहरा दिसला की रुपे शुद्ध झाले, ही प्रवचनांतील लोकप्रिय कथा तर मलाखीत नाहीच. यशयात शुद्धीकरण रुप्यासारखे नाही, असे स्पष्टच म्हटले आहे. ईयोबाच्या तेविसाव्या अध्यायात हे रूपक सोन्याच्या रूपात येते, पण ते स्वतः ईयोबाच्या तोंडी, आणि तेही चारी दिशांना शोधूनही ईश्वर सापडत नाही असे सांगितल्यानंतर लगेच. त्याचे मित्र मात्र दुःखाचे कारण बाहेरून समजावून सांगतात आणि अखेरीस ईश्वर दोष देतो तो त्यांनाच. दुःख सोसणाऱ्याने स्वतःविषयी उच्चारलेले रूपक ही साक्ष असते. पाहणाऱ्याने उच्चारलेले तेच रूपक निवाडा ठरते.

हा भेद मराठीतील तीन कृतींना लावून पाहता येतो. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवांचे दुःख ईश्वरी परीक्षा म्हणून येत नाही, तर माणसांनी लादलेला अन्याय म्हणून येते. या अर्थाने ही कादंबरी मलाखीच्या जवळ जाते. परंतु यमुनेचे स्वतःचे वैधव्य बाप्तिस्मा आणि पुनर्विवाह यांत मिटते. निष्ठेची अशी भरपाई झाली की ती निष्ठा फळाशिवाय टिकली असती काय, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले साक्षीपर आत्मनिवेदन याहून गुंतागुंतीचे आहे. दुष्काळात आईवडील आणि बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती असे मृत्यू त्यांनी पाहिले होते. उपासमारीच्या हकिकतीत त्या कुटुंबाचा जात्यभिमान आणि व्यवहाराचे अज्ञान यांची नोंद करतात. दुःखाची ऐहिक कारणे झाकत नाहीत. या निवेदनाचा गाभा मात्र वडिलांच्या निरोपात आहे. अनंतशास्त्री डोंगरे मृत्यूपूर्वी मुलीला ईश्वराच्या हाती सोपवतात आणि आजन्म त्याचीच सेवा करण्यास सांगतात. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई ही आज्ञा आपल्या श्रद्धेच्या आरंभाशी ठेवतात. ज्यांची श्रद्धा त्यांनी मागे सोडली, त्या पित्याचीच निष्ठा त्या पुढे नेत असतात. धर्मांतराच्या कथेत अपेक्षित असलेला पूर्ण विच्छेद येथे होत नाही. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली, तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांच्यापुढे होते. त्या शोकाचे भाष्य त्यांच्या प्रबंधांत शोधण्यापेक्षा त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या भाषांतरात शोधणे अधिक उचित होईल.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४–३६) प्रश्न उलटा होतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो ईश्वराशी एकनिष्ठ राहण्यासाठी. पण त्या निष्ठेची किंमत सुमारे पाच वर्षे विरहात काढली ती लक्ष्मीबाईंनी. एकाची निष्ठा ही दुसऱ्याची मूस होते, हे सत्य भक्तिपर लेखन सहसा टाळते. लक्ष्मीबाई ते टाळत नाहीत आणि त्याचे तत्त्वज्ञानही करीत नाहीत. पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावर त्या मागील यातनांना ‘योजना’ ठरवून पवित्र करू शकल्या असत्या. त्याऐवजी त्यांचा राग, हट्ट, रडणे आणि टिळकांच्या विसराळूपणावरचे हसू आहे तसेच राहते. त्यांच्या विनोदाकडे केवळ स्वभावविशेष म्हणून पाहणे अपुरे आहे. दुःखाला घाईने अर्थ देण्यास नकार देण्याची ती रीत आहे. १९१९ मध्ये टिळक गेल्यानंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्याच्या श्रद्धेने आपल्याला दुखावले, त्याचेच ख्रिस्तकाव्य पुढे लिहिणे, ही त्यांची निष्ठा होय. तिला रूपकाची गरज भासलेली नाही.

या विवेचनातून मुशीचे रूपक बाद होते असे नाही. त्याचा अधिकार मर्यादित होतो, एवढेच. चांदीच्या कामात आणखी एक गोष्ट असते. निव्वळ शुद्ध चांदी मऊ असते. पैंजण टिकायचे तर तीत तांब्यासारखी दुसरी धातू थोडी मिसळावी लागते. मराठी ख्रिस्ती साहित्यात जी निष्ठा टिकाऊ ठरली, तीही अशीच मिश्र आहे : हिंदू पित्याचा निरोप, पतीवरचा राग, अनुत्तरित शोक यांना आपल्यात ठेवणारी. हे मिश्रण हीण समजून गाळणारी समीक्षा धर्मोपदेशाला कदाचित उपयोगी पडेल, परंतु साहित्याला ती न्याय देऊ शकणार नाही.