मोल संकल्पनेची शालेय मांडणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

रसायनशास्त्राच्या अभ्यासात मोल ही संकल्पना पायाभूत आहे. द्रावणाची संहती, वायूंचे नियम, रासायनिक समतोल, विद्युत्‌रसायन या सर्व घटकांतील गणित तिच्यावर उभे असते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ती इयत्ता नववीत प्रथम भेटते. पुढे शिवाजी पेठेसारख्या भागातून हाच विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत येतो, तेव्हा पाठ्यपुस्तकाची भाषा इंग्रजी झालेली असते आणि पहिल्याच प्रकरणात मोल समोर उभा ठाकतो. सूत्रात संख्या घालून तो उत्तर काढतो, परंतु त्या उत्तराचा अर्थ त्याला सांगता येतोच असे नाही. या अडचणीचे मूळ विद्यार्थ्याच्या कुवतीत शोधण्यापूर्वी पाठ्यपुस्तकाच्या मांडणीत शोधणे उचित ठरेल. त्या दृष्टीने बालभारतीच्या २०१७ सालच्या नववीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पुस्तकातील 'द्रव्याचे मोजमाप' हे प्रकरण येथे विचारात घेतले आहे.

शब्द आणि अर्थ

पहिला प्रश्न शब्दाचा आहे. मराठीत 'मोल' म्हणजे किंमत. मोलमजुरी, अनमोल, कवडीमोल हे शब्द विद्यार्थ्याच्या कानावरचे आहेत. रसायनशास्त्रातील मोल मात्र जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यामार्फत आलेला असून त्याचा संबंध रेणू या अर्थाच्या शब्दाशी आहे. दोन्ही शब्दांचे लेखन व उच्चारण एकच असल्याने परिचित अर्थ नव्या अर्थाच्या आड येतो. जुन्या मराठी पुस्तकांतील 'ग्रॅम-रेणू' हा शब्द अवजड होता, तरी वजन आणि रेणू यांचे नाते तो उघड करीत होता. आंतरराष्ट्रीय परिभाषेसाठी 'मोल' स्वीकारणे योग्यच. परंतु हा खुलासा वर्गात करणे ही शिक्षकाची जबाबदारी ठरते.

व्याख्येचा क्रम

या प्रकरणाची जमेची बाजू अशी की, रासायनिक संयोगाचे नियम, अणूचे वस्तुमान आणि रेणुवस्तुमान या पायऱ्यांनी विद्यार्थी मोलपर्यंत पोहोचतो. तथापि मोलची व्याख्या वस्तुमानातून केलेली आहे. ज्या राशीचे ग्रॅममधील वस्तुमान पदार्थाच्या डाल्टनमधील रेणुवस्तुमानाइतके भरते ती राशी म्हणजे एक मोल, असा तिचा आशय आहे. अॅव्होगॅड्रो अंकाचा परिचय त्यानंतर येतो. परिणामी मोल हे वजनाचेच एक माप आहे, अशी समजूत प्रथम रुजते.

ऐतिहासिकदृष्ट्या हा क्रम समर्थनीय आहे. अॅव्होगॅड्रो यांनी आपले गृहीतक १८११ साली मांडले, पण हा अंक त्यांनी काढलेला नव्हता. त्याला त्यांचे नाव १९०९ साली झाँ पेरँ यांनी दिले. मात्र २० मे २०१९ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके मूलभूत घटक होत. कार्बन-१२ च्या १२ ग्रॅमचा आधार आता व्याख्येत राहिलेला नाही. म्हणजे मोल ही प्रथमतः गणना आहे. वजन हे त्या गणनेचे साधन आहे. हुपरीच्या पैंजणांना लागणारे एकसारखे घुंगरू एकेक मोजण्याऐवजी शंभरांचे वजन ठरवून तोलता येतात, त्यातला हा प्रकार आहे. डझनाच्या रूढ दाखल्यात तोलून मोजण्याचा हा भाग येत नाही, हे लक्षात घ्यावे.

समीकरणाशी तुटलेला सांधा

मोल नववीत, तर समीकरण संतुलित करणे हा स्वतंत्र अभ्यासविषय २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकात आहे. समीकरणावरून वस्तुमानाचे हिशेब विस्ताराने येतात ते अकरावीत. या विभागणीमुळे मोलचे प्रयोजनच विद्यार्थ्याला वेळेवर कळत नाही. समीकरणातील सहगुणक तो ग्रॅम समजून वाचू लागतो.

स्थानिक उदाहरण

या चुकीचे गांभीर्य दाखविणारे उदाहरण घराजवळच आहे. शिवाजी पेठेलगतच्या रंकाळा तलावात प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती जाऊ नयेत, हा कोल्हापुरातील जिव्हाळ्याचा विषय आहे. अशी मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळविण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचविली. घट्ट झालेली मूर्ती ही रासायनिकदृष्ट्या जिप्सम असते. जिप्समच्या १ मोलला अमोनियम बायकार्बोनेटचे २ मोल लागतात.

'एकास दोन' हे प्रमाण वजनाचे मानल्यास १० किलोच्या मूर्तीला २० किलो रसायन आणले जाईल. योग्य हिशेब वेगळा आहे. जिप्समचे मोलर वस्तुमान सुमारे १७२ ग्रॅम आणि अमोनियम बायकार्बोनेटचे ७९ ग्रॅम. मूर्ती निव्वळ जिप्समची धरल्यास तीत सुमारे ५८ मोल भरतात. त्यांना ११६ मोल, म्हणजे सुमारे ९.२ किलो अमोनियम बायकार्बोनेट पुरते. उरलेले जवळजवळ ११ किलो रसायन वाया तर जातेच, शिवाय पाण्यातील अमोनियमचे प्रमाण अकारण वाढविते. अभिक्रियेअंती सुमारे ५.८ किलो कॅल्शियम कार्बोनेट, ७.७ किलो अमोनियम सल्फेट, २.६ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ३.१ किलो पाणी मिळते. दोन्ही बाजूंची बेरीज सुमारे १९.२ किलो येते. द्रव्य अक्षय्यतेचा नियम, संतुलित समीकरण आणि मोल हे तीन स्वतंत्र धडे या एकाच हिशेबात एकत्र येतात. अमोनियम सल्फेट हे नत्रयुक्त खत असल्याने शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन सूचना पुढे येतात. मोलची ओळख गणनेपासून व्हावी आणि वजन हे गणनेचे साधन म्हणून यावे. मोल आणि संतुलित समीकरण एकाच वर्षी, एकमेकांच्या आधाराने शिकविले जावेत. परीक्षेत केवळ उत्तराला गुण न देता, सहगुणक कशाचे प्रमाण सांगतात हे एका वाक्यात लिहावयास लावावे. यांपैकी पहिली व तिसरी सूचना अमलात आणण्यास नव्या पुस्तकाची वाट पाहण्याची गरज नाही. अकरावीच्या पहिल्या आठवड्यातील दोन तासिका मराठीतून या पुनर्रचनेसाठी दिल्यास पुढील दोन वर्षांचे अध्यापन अधिक अर्थपूर्ण होईल.