'शिकाऊ' या शब्दाआडचे बालपण : पेरोव्ह, चित्तप्रसाद आणि वर्ध्याचा प्रश्न

प्रस्तावना

बालमजुरी आणि दारिद्र्य यांचे चित्रण हा एकोणिसाव्या शतकातील रशियन वास्तववादी चित्रकलेचा महत्त्वाचा विशेष होय. या चित्रांचा विचार बहुधा करुणरसाच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात थोडा वेगळा मुद्दा मांडावयाचा आहे. बालकाच्या श्रमाला समाज सहसा मजुरी म्हणत नाही. त्याला एखादे सोज्वळ नाव देतो. त्या नावाचा फोलपणा उघड करणे हे अशा चित्रांचे खरे सामर्थ्य आहे.

पेरोव्ह यांची 'त्रोयका'

वासिली पेरोव्ह यांचे १८६६ मधील हे चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. हिवाळ्यातील रस्त्यावरून तीन मुले पाण्याचे मोठे पिंप ठेवलेली घसरगाडी ओढत आहेत. सांडलेले पाणी पिंपावरच गोठून गेले आहे. मागून एक प्रौढ माणूस पिंपाला हात लावून आहे, सोबत एक कुत्रा धावतो आहे आणि बाजूला मठाची उंच भिंत आहे. गाडी थेट प्रेक्षकाच्या दिशेने येत असल्यामुळे त्याला तटस्थपणे बाजूला उभे राहता येत नाही.

'त्रोयका' म्हणजे तीन घोडे जुंपलेली गाडी. घोड्यांच्या जागी मुले आहेत, हा या शीर्षकातील उपरोध सहज लक्षात येतो. परंतु चित्राच्या नावाचा दुसरा भाग अधिक बोचरा आहे : 'पाणी वाहणारे शिकाऊ कारागीर'. त्या काळी खेड्यांतील गरीब मुले कसब शिकण्यासाठी शहरातील कारागिरांकडे ठेवली जात आणि त्यांच्या वाट्याला पाणी भरणे, ओझी वाहणे अशीच कामे येत. भूदासप्रथा १८६१ मध्ये कायद्याने संपली होती. चित्र त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी रंगविलेले आहे. मुलांना 'शिकाऊ' म्हटले आहे, पण शिकण्याचे एकही साधन चित्रात नाही. शब्द आणि दृश्य यांतील ही विसंगती हाच चित्राचा गाभा आहे.

चित्राची मर्यादाही नोंदविली पाहिजे. मुलांना कामाला जुंपणारा मालक येथे दिसत नाही. मागून हात लावणारा माणूसही गरीबच वाटतो. त्यामुळे प्रेक्षक हळहळतो, परंतु जबाबदार कोण, हा प्रश्न त्याला टाळता येतो.

चित्तप्रसाद यांची छापचित्रे

भारतीय कलेत या परंपरेशी नाते सांगणारे काम मुंबईत झाले. बंगालमधील १९४३ च्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद (१९१५–१९७८) पुढे मुंबईत, अंधेरीला राहिले. तेथे त्यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी कष्टकरी व निराधार मुलांवर लिनोकट छापचित्रांची मालिका केली. तिचे नाव 'परीकथा नसलेले देवदूत' अशा अर्थाचे आहे. 'मुले म्हणजे देवाघरची फुले' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हे शीर्षक ती गोड भाषा उचलते आणि तिच्यातील परीकथा काढून घेते. पेरोव्ह यांनी 'शिकाऊ' या शब्दाचे जे केले, तेच येथे 'देवदूत' या शब्दाचे झाले आहे.

माध्यमाची निवडही अर्थपूर्ण आहे. तैलचित्र एकच असते व ते संग्राहकाकडे जाते. लिनोकटच्या मात्र अल्प खर्चात अनेक प्रती निघतात. तरीही या मालिकेला १९६९ मध्ये पुस्तकरूप मिळाले ते डेन्मार्कमधील युनिसेफ समितीकडून. ज्या शहरात ही चित्रे घडली, तेथून इतक्या दूर त्यांचे पुस्तक व्हावे, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

वर्ध्याचा संदर्भ

श्रम आणि शिक्षण यांच्या सीमारेषेचा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगकेंद्री शिक्षणाची कल्पना मांडली. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागविण्याच्या विचारावर प्रा. के. टी. शहा यांनी तेथेच आक्षेप घेतला. झाकीर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात धोका ओळखला होता : आर्थिक बाजूवर भर दिला गेला, तर शिक्षक मुलांकडून अधिकाधिक काम काढून घेण्यातच शक्ती खर्च करतील. नई तालीमच्या पुरस्कर्त्यांनी 'शिकाऊ' या शब्दाची जोखीम स्वतःच नोंदविली, हे त्यांचे मोठेपण होय.

आज हा प्रश्न दुसऱ्या नावाने उभा आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली. मात्र शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात 'मदत' करण्यास मुभा ठेवली. आपल्या कापूसपट्ट्यात वेचणीचा हंगाम शाळेच्या दुसऱ्या सत्रातच येतो. वेचणीला गेलेले मूल मदत करते की मजुरी, हे कायद्याच्या शब्दावरून ठरत नाही. ते वर्गातील त्याच्या रिकाम्या जागेवरून कळते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, बालश्रमाच्या चित्राची कसोटी केवळ करुणा ही नव्हे. बालकाच्या श्रमाला दिलेले सोयीचे नाव ते चित्र टिकू देते की नाही, ही खरी कसोटी होय. पेरोव्ह आणि चित्तप्रसाद या कसोटीला उतरतात. हजेरीपटावर 'गैरहजर' हा शब्द लिहिणाऱ्या आपणा शिक्षकांनाही हीच कसोटी लागू आहे.