उरलेल्या बटाट्याचा चतकोर

आयरिश बटाट्याच्या भाकरीची कुठलीही रेसिपी इंटरनेटवर उघडा. साहित्याच्या यादीपर्यंत पोचायच्या आधी बहुतेक वेळा दोन गोष्टी लागतात: एक आजी आणि एक दुष्काळ. आजीचे हात पिठाने माखलेले असतात, दुष्काळ १८४५चा असतो. मग एक वाक्य येतं की उपासमारीच्या त्या दिवसांत हा साधासुधा पदार्थ जन्माला आला. त्याच्या खाली लगेच लोणी, मैदा, मीठ.

रेसिपी हाही लिहिलेला मजकूर असतो. त्यालाही निवेदक असतो, कथानक असतं, आणि वाचकाच्या मनात काय जागं करायचं याचा हिशेब असतो. म्हणून तिची समीक्षा करायला हरकत नसावी. या रेसिपीचं कथानक तिच्याच कृतीशी जुळत नाही, असं माझं म्हणणं आहे. आणि जुळत नाही ते मोठ्या गोष्टीबाबत. दहा लाख माणसं कशी मेली, याबाबत.

आधी पदार्थ बघू. उत्तर आयर्लंडमध्ये याला पोटॅटो ब्रेड, फॅज किंवा पोटॅटो फार्ल म्हणतात. ‘फार्ल’ हा मुळात स्कॉट्स शब्द, अर्थ चौथा हिस्सा. मराठीत याला नेमका शब्द आहे: चतकोर. उकडलेला बटाटा कुस्करायचा, त्यात लोणी, मीठ आणि मैदा घालून हलक्या हाताने गोळा करायचा, जाडसर गोल लाटायचा, सुरीने चार चतकोर करायचे आणि पिठी भुरभुरवलेल्या कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस ठिपके येईपर्यंत भाजायचे. यीस्ट नाही, आंबवणं नाही, ओव्हन नाही. आपण पराठ्यात बटाटा सारण म्हणून भरतो, इथे सारणाचीच पोळी होते. बेलफास्टच्या सकाळच्या न्याहारीत, म्हणजे अल्स्टर फ्रायमध्ये, हाच चतकोर पुन्हा चरबीत परतून अंडं, बेकन आणि सॉसेजच्या शेजारी वाढतात. याचा एक भाऊ आहे, बॉक्स्टी. लेट्रिम, कॅव्हन, फर्मॅना या भागांतला. त्यात निम्मा बटाटा कच्चा किसून, फडक्यात पिळून, शिजवलेल्या बटाट्यात मिसळतात.

आता साहित्याची यादी पुरावा म्हणून वाचा. अर्धा किलो बटाटा, साधारण १०० ते १२५ ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम लोणी. घरात हे करायला काय काय हवं? जेवून झाल्यावर उरलेला बटाटा हवा. गव्हाचं पीठ हवं. लोणी हवं. तवा हवा आणि तो तापवायला सरपण हवं. कच्च्या बटाट्याची बॉक्स्टी करायची तर किसत बसायला एक मोकळा माणूसही हवा. यातली एकही गोष्ट १८४७ सालच्या मेयो किंवा स्किबरीनमधल्या भूमिहीन मजुराच्या झोपडीत सहज नव्हती.

दुष्काळाआधी आयर्लंडची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर जगत होती. कष्ट करणारा माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे, उकडून, मीठ लावून, जमलं तर ताकाबरोबर. त्यात ‘लंपर’ नावाचं वाण गरिबांचं. हलक्या जमिनीतही भरघोस येणारं, पण ओलसर आणि चिकट. तव्यावरच्या भाकरीला लागतो तो पिठूळ बटाटा, म्हणजे नेमका याच्या उलट. शेतात ओट्स, गहू पिकत होता, गोठ्यातून लोणी निघत होतं, पण ते खंड भरायला बाजारात जायचं. १८४५मध्ये करपा आला. फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्स, आजही आपल्या बटाटा-टोमॅटोच्या शेतांत येतो तोच. खणून खड्ड्यात साठवलेला बटाटासुद्धा काळा पडून सडला. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि त्याच वर्षांत धान्य भरलेली जहाजं आयरिश बंदरांतून बाहेर जात राहिली.

मग प्रश्न साधा आहे. ज्या संकटाचं नावच बटाटा नसणं आहे, त्या संकटातून उरलेल्या बटाट्याचा पदार्थ कसा जन्माला येईल?

दुष्काळाचं खरं अन्न वेगळं होतं. रॉबर्ट पीलच्या सरकारने अमेरिकेतून मागवलेला पिवळा मका, जो दळायला कठीण, शिजायला त्याहून कठीण आणि पोट बिघडवणारा. लोकांनी त्याला ‘पीलचं गंधक’ असं नाव ठेवलं. नंतर सरकारी सूप. १८४७च्या उन्हाळ्यात रोज सुमारे तीस लाख लोक त्यावर जगत होते. तो मका किंवा ते पातळ सूप ‘पारंपरिक आयरिश’ म्हणून कुठल्या कॅफेच्या मेन्यूवर मी पाहिलेलं नाही. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात लोकांनी मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती चव विचारा, कुणी हळवं होऊन सांगत नाही. भुकेचे पदार्थ बहुतेकदा परंपरा होत नाहीत. लोक ते विसरायला बघतात. परंपरा होते ती भूक टळल्यावर केलेल्या पदार्थांची.

इथे रेसिपीच्या शेजारी कविता ठेवून बघावीशी वाटते, कारण बटाट्याबद्दल आयर्लंडमध्ये सगळ्यात जबाबदारीने कुणी लिहिलं असेल तर शेमस हीनीने. त्याच्या १९६६च्या पहिल्या संग्रहात ‘ॲट अ पोटॅटो डिगिंग’ नावाची कविता आहे. आधी यंत्राने उकरलेलं शेत आणि वाकून बटाटे वेचणारे मजूर. मधे अचानक १८४५. शेवटी पुन्हा आजचं शेत, दुपारची सुट्टी, ब्रेड आणि चहा. पोट भरल्यावर ते मजूर उरलेला थंड चहा आणि ब्रेडचे तुकडे जमिनीवर टाकतात.

ही कविता बरेचदा ‘दुष्काळाची कविता’ म्हणून शिकवली जाते. मला तिचं बळ त्या शेवटच्या फेकलेल्या तुकड्यांत दिसतं. ती माणसं आता टाकू शकतात. पण ज्या जमिनीने एकदा दगा दिला, तिला ते काहीतरी देऊनही ठेवतात, नैवेद्यासारखं. उरणं आणि भिणं, दोन्ही एकाच कृतीत. रेसिपीला नेमकं हेच जमत नाही. तिला भुकेचं वजन हवं असतं, पण पदार्थ भरल्या पोटाचा आहे हे कबूल करायचं नसतं.

हीनीच्या संग्रहांतून बटाटा हळूहळू शेतातून घरात येतो. ‘डिगिंग’मध्ये बाप आणि आजोबा खणतात. १९७५च्या ‘नॉर्थ’ संग्रहाच्या सुरुवातीला ‘सनलाइट’ आहे, त्यात त्याची आत्या मेरी स्वयंपाकघरात स्कोन करते आहे. १९८७च्या ‘क्लिअरन्सेस’मध्ये घरचे सगळे चर्चला गेलेले असताना तो आणि आई मिळून बटाटे सोलतात. २०१५ साली आयर्लंडच्या सरकारी वाहिनीने घेतलेल्या मतदानात लोकांनी शंभर वर्षांतली सर्वांत लाडकी कविता म्हणून हीच निवडली.

या कवितांबद्दल माझी एक तक्रारही आहे. ‘सनलाइट’मधली आत्या इतकी सुंदर उजेडात बसली आहे की तिला बोलायला जागा उरलेली नाही. तिची कंबर दुखत होती का, हे कवितेला विचारावंसं वाटत नाही. इंटरनेटवरच्या त्या पिठाळ हातांच्या आज्या याच चित्राच्या दूरच्या नातेवाईक आहेत. फरक इतकाच, की हीनीची आत्या एक विशिष्ट बाई आहे, तिच्या नावाने कविता अर्पण केली आहे. रेसिपीतली आजी कुणाचीही असू शकते, आणि म्हणून कुणाचीच नसते.

मापांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तिथे जुनी भाषा नव्या भाषेपेक्षा सरस आहे. जुन्या पद्धतीने सांगणारी माणसं मैद्याचं प्रमाण ‘मावेल तेवढं’ असं सांगतात. नव्या रेसिपीला ते ढिसाळ वाटतं, म्हणून ती ग्रॅम लिहिते. माझं रोजचं काम आकड्यांशी आहे, तरी मी ‘मावेल तेवढं’च्या बाजूने आहे. बटाट्यातलं पाणी वाणागणिक आणि साठवणीगणिक बदलतं. आत येणारी वस्तूच बदलत असेल तर ठरीव आकडा अचूक नसतो, नुसता ठाम असतो. केर्स पिंक किंवा गोल्डन वंडरसारखा पिठूळ बटाटा थोड्या मैद्यात जुळून येतो. आपल्या मंडईतला नवा बटाटा चिकट, तो मैदा पीतच राहतो आणि भाकरी चामट होते. इथे करायची असेल तर जुना, साठवणीतला बटाटा घ्यावा, सालासकट उकडावा, सोलून वाफ जाऊ द्यावी आणि कोमट असतानाच हाताने कुस्करावा. मिक्सरला लावला तर स्टार्च सुटून खळ होते. मैदा शेवटी, आणि मळायचं नाही, फक्त गोळा करायचा. मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं. हे सगळं ‘मावेल तेवढं’ या दोन शब्दांत गृहीत आहे. ते शब्द तुम्हाला वही बाजूला ठेवून हाताकडे बघायला लावतात.

उरलेल्याचा पदार्थ करणं हे काही कमी मोलाचं नाही, उलट. फोडणीची पोळी, शिळ्या भाताचे वडे करणाऱ्यांना हे सांगावं लागू नये. काल रात्री पोट भरलं, तरी भांड्यात थोडं राहिलं, आणि सकाळी कुणीतरी ते टाकलं नाही. ज्या बेटावर सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी भांडं रिकामं होतं, तिथे या वाक्याला दुष्काळाचं ठिगळ लावायची गरज नाही. ते आधीच पुरेसं जड आहे.

म्हणून पुढच्या वेळी रेसिपीच्या वरचा दुष्काळ दिसला की तो गाळून थेट साहित्याच्या यादीवर यावं. १८४५ला काय झालं ते वाचायचं असेल तर इतिहास आहे, हीनी आहे. तिथे ते नीट, सावकाश वाचावं. आणि चतकोर तव्यावरून उतरले की फडक्यात गुंडाळून ठेवावेत, म्हणजे मऊ राहतात. चार होतात. दोन माणसांचं घर असेल तर एखादा सकाळसाठी उरतोच.