खेकडा-कोळी : नजर कोणाची?

भारतातल्या कोळ्यांची ओळख करून घ्यायची, तर डॉ. बी. के. टिकादर यांच्या पुस्तकांना वगळून चालत नाही. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या खंडात खेकडा-कोळ्यांचे कूळ सविस्तर आले. १९८७ साली 'हँडबुक ऑफ इंडियन स्पायडर्स' निघाले. आठ डोळ्यांची मांडणी, पायांवरचे काटे, जननेंद्रियांच्या रेखाकृती... वर्गीकरणासाठी हे काम भक्कम आहे.

मात्र कळंबच्या शाळेतल्या शिक्षकाची अडचण वेगळी असते. करडईच्या किंवा झेंडूच्या फुलावर पुढचे चार लांब पाय फाकवून दबा धरलेला इवलासा कोळी पाहून मुले विचारतात, "हा जाळे का विणत नाही? माशीला तो दिसत कसा नाही?" जपून ठेवलेल्या नमुन्यांवर आधारलेल्या ग्रंथात याचे उत्तर फारसे मिळणार नाही. मद्यार्कात कोळ्याचा रंगही टिकत नाही. मग वर्तन कुठले?

ही उणीव एक ठरीव वाक्य भरून काढते : 'कोळी फुलाचा रंग घेतो, म्हणून कीटक फसतात.' आमचा आक्षेप या वाक्याला आहे. एक तर रंग बदलणे मोजक्याच जातींना जमते आणि त्याला काही दिवस लागतात. दुसरे म्हणजे, 'रंग सारखा' हा निवाडा आपल्या डोळ्यांचा आहे. मधमाशीला अतिनील प्रकाशही दिसतो. ऑस्ट्रेलियात आस्ट्रिड हायलिंग व सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले, की पांढऱ्या फुलावरचा तिथला पांढरा कोळी युरोपातून आणलेल्या मधमाशीला चांगला उठून दिसतो आणि ती नेमकी त्याच फुलाकडे ओढली जाते! तिथल्या मूळच्या मधमाश्या मात्र जवळ येऊनही उतरायचे टाळतात, असे २००४ साली आढळले. उलट फ्रान्समधल्या २००२ च्या अभ्यासात दुसऱ्या एका जातीचा रंग मधमाशी आणि पक्षी या दोघांच्याही नजरेत फुलाशी जुळला.

म्हणजे एका जातीचे उत्तर दुसरीला लावता येत नाही. कळंबच्या कोळ्याचे उत्तर कळंबलाच शोधावे लागेल. एकाच झाडावरची सारख्या आकाराची दोन फुले घ्यावीत, न तोडता. एकावर कोळी असलेला, दुसऱ्यावर नसलेला. अर्ध्या तासात किती कीटक जवळ आले, किती उतरले, याची नोंद आठवीच्या मुलांनाही जमते. दोन दिवसांच्या नोंदींवरून निष्कर्ष काढू नये, हेही त्यांना त्यातूनच उमगेल.